इंग्रजीतल्या ‘बाय’ आणि ‘टिल’मध्ये फरक काय? दोन्हींचा अर्थ ‘पर्यंत’च ना?

तुमचा प्रश्न असा, की ‘बाय फ्रायडे’ काय आणि ‘टिल फ्रायडे’ काय, दोन्ही म्हणजे ‘शुक्रवारपर्यंत’च, मग एकाच्या जागी दुसरा पडला तर बिघडतं कुठे? शिवाय बॉरो-लेंड, सी-वॉच, हिअर-लिसन या जोड्याही लक्षात राहत नाहीत म्हणता. जोड्यांचं नंतर बघू. ‘बिघडतं कुठे’ हे मात्र मी सांगणारच, कारण माझ्या दोन रात्री त्यात गेल्यात.

मी तेव्हा एका सॉफ्टवेअर कंपनीत नवीन होते. क्लायंटचं एक जुनं पोर्टल बंद करून त्यांना नव्यावर न्यायचं काम चालू होतं. मीटिंगमध्ये मराठीतच ठरलं, “जुनं पोर्टल १५ तारखेपर्यंत बंद होईल, लागणाऱ्या फाइल्स त्यांना आधी उतरवून घ्यायला सांगा.” मेल लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं, ‘द ओल्ड पोर्टल विल बी क्लोज्ड बाय द फिफ्टीन्थ.’ टीम लीड सरांनी मसुदा वाचला, ‘बाय’ काढला आणि तिथे ‘टिल’ घातलं.

“बाय म्हणजे ने. बाय बस, बाय पोस्ट. पर्यंतला टिल.”

“सर, त्याने अर्थ उलटा होतो.”

“अगं, कळतं त्यांना. भाषा शेवटी कम्युनिकेशनसाठी असते. व्याकरणाचे चोचले नकोत.”

मेल गेला. १२ तारखेला पोर्टल बंद झालं, १५ला सर्व्हर पुसून टाकला. १६ला सकाळी क्लायंटचा अत्यंत सभ्य मेल: आज सोळा तारीख झाली, पोर्टल अजून उघडलेलं दिसत नाही, थोडा उशीर होतोय का?

तो मेल मी तीनदा वाचला आणि हातपाय गार पडले. कारण ‘क्लोज्ड टिल द फिफ्टीन्थ’ म्हणजे १५ तारखेपर्यंत बंद *राहील*, नंतर पुन्हा उघडेल. त्यांनी आमच्या शब्दावर शंभर टक्के विश्वास ठेवला होता. त्या तीन-चार दिवसांत लागतील तेवढ्याच फाइल्स त्यांनी आधी उतरवून घेतल्या, १२ला पोर्टल बंद दिसलं तेव्हा ‘ठरल्याप्रमाणे बंद झालं’ असं म्हणून शांत बसले, आणि बाकीचं सगळं १५ नंतर आरामात करायचं ठरवलं. आमचा शेवटचा बॅकअप तीन आठवडे जुना. मधल्या तीन आठवड्यांच्या नोंदी जुन्या मेलमधल्या अटॅचमेंट धुंडाळून दोन रात्री कोणी भरल्या असतील? सरांनी नाही.

आता मुद्द्याचं. दोष ‘पर्यंत’चा नाही, मराठीचा तर अजिबात नाही. मराठीत हा फरक आहेच, फक्त तो क्रियापदात असतो. ‘१५ तारखेपर्यंत बंद होईल’ आणि ‘१५ तारखेपर्यंत बंद राहील’ यांत कुठलाही मराठी माणूस घोटाळा करणार नाही. ‘होणे’ म्हणजे एकदा घडून संपणारी गोष्ट, ‘राहणे’ म्हणजे चालू असणारी. इंग्रजीत ‘विल बी क्लोज्ड’ या एकाच शब्दसमूहात ‘बंद होईल’ही बसतं आणि ‘बंद राहील’ही, त्यामुळे सगळा भार त्या टीचभर ‘बाय’ किंवा ‘टिल’वर येतो. म्हणून लिहिण्याआधी वाक्य मनात मराठीत म्हणून बघायचं. ‘राहणे’ किंवा ‘-त राहणे’ बसलं तर टिल: थांबून राहीन, काम करत राहीन, दुकान उघडं राहील. ‘होणे’ किंवा ‘करून टाकणे’ बसलं तर बाय: काम पूर्ण होईल, अर्ज भरून टाकीन, पोचलेला असेन. बायमध्ये ती तारीख ही शेवटची मर्यादा असते, काम तिच्या आधी कधीही झालं तरी चालतं. टिलमध्ये त्या तारखेपर्यंतचा सगळा वेळ भरलेला असतो.

आपणच मठ्ठ आहोत असं वाटून घेऊ नका. हिंदीतला ‘तक’ही दोन्हीकडे चालतो. जर्मन भाषेतही दोन्हींना ‘बिस’ हा एकच शब्द आहे, आणि इंग्रजी लिहिताना जर्मन माणसं हुबेहूब हीच चूक करतात. जाता जाता, टिल हे अनटिलचं तोडलेलं रूप नव्हे. टिल मुळात जुना, अनटिल नंतरचा. त्यामुळे टिलच्या डोक्यावर ती लोंबती अपॉस्ट्रॉफी देण्याची गरज नाही. (आमचे सर देतात.)

कोणी म्हणेल, इंग्रजांच्याच भाषेतले अर्धे नियम उगाच आहेत, आपण कशाला पाळायचे? आहेत ना उगाच. लेस आणि फ्यूअरचंच घ्या, दोन्हींचा अर्थ ‘कमी’. मोजता येणाऱ्या वस्तूंना फ्यूअरच म्हणायचं, यावर लोक अजून एकमेकांना टोकतात. पण मोजता येणाऱ्या वस्तूंना लेस म्हणायची रीत नवव्या शतकात, आल्फ्रेड राजाच्या काळातही होती. १७७० साली रॉबर्ट बेकर नावाच्या गृहस्थांनी फ्यूअर आपल्याला जास्त बरं वाटतं असं लिहिलं, आणि पुढच्यांनी त्या आवडीचा कायदा करून टाकला. तिथे चुकलात तर फार तर कोणीतरी नाक मुरडेल, कोणाचा डेटा जाणार नाही. बिगिन-कमेन्स, हेल्प-एड या जोड्यांचंही तसंच. १०६६ला नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, दरबारात फ्रेंच आली, आणि एकाच अर्थाला घरातला एक आणि बाहेरचा एक असे दोन शब्द झाले. आपल्या पाणी आणि जलसारखे. जल मागितलंत तर लोक हसतील, पण पाणीच मिळेल. बाय-टिलमध्ये मात्र दुसरंच काहीतरी मिळतं. चोचले कुठले आणि अर्थ कुठला हा फरक ज्याला कळत नाही, त्याने दुसऱ्याचा मसुदा खोडू नये.

तुमच्या बाकी जोड्या: बॉरो म्हणजे उसनं घेणं, लेंड म्हणजे उसनं देणं. हिअर म्हणजे ऐकू येणं, लिसन म्हणजे कान देऊन ऐकणं. सी म्हणजे दिसणं, लुक म्हणजे नजर वळवून बघणं, वॉच म्हणजे बघत राहणं (बघा, पुन्हा ‘राहणे’ आलं). अपवाद ढीगभर आहेत, सिनेमाला सी पण चालतं आणि वॉच पण. त्यावर इथे दुसरं कोणीतरी नीट लिहील.

हो, वरच्या युक्तीत एक खोट आहे, ती सांगायला हवी. वाक्य नकारार्थी झालं की ती फसते. ‘आय वोन्ट फिनिश अनटिल फ्रायडे’ यात ‘संपणे’ असूनही अनटिल बरोबर आहे, कारण न संपलेलं असणं शुक्रवारपर्यंत चालू राहतं. मराठीत त्याला आपण ‘शुक्रवारशिवाय होणार नाही’ म्हणतो. दुसरं, महत्त्वाच्या मेलमध्ये मी आता बायवरही विसंबत नाही. ‘कायमचं बंद’ असे शब्द घालते आणि तारखेपुढे २३:५९ अशी वेळ. रात्रीचे बारा लिहायचे नाहीत, ते १५चे की १६चे यावर वेगळी मारामारी होते.

आणि तिसरं, हे मी सहसा कबूल करत नाही. तो मेल माझ्या नावाने गेला, पाठवायचं बटणही मीच दाबलं. ‘टिल’ चूक आहे हे मला ठाऊक होतं. सर जेवायला गेल्यावर तो एक शब्द बदलायला पाच सेकंद लागली असती. पण मनात कुठेतरी होतं, होऊ दे यांची फजिती. झाली माझीच.

त्या प्रकरणानंतर सरांनी टिलची धास्तीच घेतली. आता ते सगळीकडे बाय लिहितात. परवा त्यांचा टीमला मेल आला, ‘आय विल बी ऑन लीव्ह बाय मंडे.’ म्हणजे सोमवारपर्यंत रजेवर राहणार, की सोमवारच्या आत कधीतरी रजेवर गेलेले असणार, यावर ग्रुपमध्ये दोन तट पडलेत. मला तिघांनी विचारलं. मी म्हटलं, कम्युनिकेशन झालंय ना, मग बास.