मिरचीची पानं वळतायत? आधी पान उलटं करून बघा

ताई, तुमच्या घरातल्या कुंडीतल्या मिरचीचा फोटो बघितला, पानं पिवळी पडतायत आणि वळतायत, पण घाईत खत टाकू नका, बहुतेक जण पान पिवळं दिसलं की खत घालतात आणि तिथंच रोप जातं. आधी बोट दोन पेर मातीत घाला. ओलं लागलं आणि पिवळी पडलेली पानं खालची असतील तर पाणी जास्त होतंय, घरातल्या कुंडीला ऊन-वारा कमी त्यामुळे माती लवकर सुकतच नाही. कुंडीखालच्या ताटलीत साचलेलं पाणी रोज ओतून द्या.

आता शेंड्याची पानं. कडा वर वळून होडीसारखं झालं असेल तर बहुतेक फुलकिडे, पांढऱ्या कागदावर शेंडा हलकेच झटका, बारीक पिवळसर रेघांसारखे किडे चालताना दिसतील. पान खाली वळलंय, अरुंद झालंय, देठ लांबलाय तर कोळी, म्हणजे पानाचा रस शोषणारी अगदी बारीक कीड, ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही म्हणून लोक फसतात. गावाकडे ह्या सगळ्यालाच बोकड्या म्हणतात पण उपाय वेगळे, कोळ्यावर पाण्यात मिसळणारं गंधक चालतं, फुलकिड्यांना लिटरभर पाण्यात ५ मिली नीम तेल आणि थोडा लिक्विड सोप, संध्याकाळीच मारा आणि पानाच्या खालून मारा, दर ५-६ दिवसांनी तीनदा तरी. गंधक आणि तेल मात्र एकत्र नको, मध्ये दोन आठवडे जाऊ द्या नाहीतर पानं करपतात.

पांढरी माशी उडत असेल आणि नवी पानं बारीक, गोळा झालेली येत असतील तर व्हायरस, त्याला औषध नाही, जीवावर येतं पण ते रोप काढाच, शेजारच्या कुंड्या वाचतील.