घरच्या घरी रायफलची काडतुसं भरायला सुरुवातीला कोणतं साहित्य घ्यावं?

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं: तुम्ही सोलापूरजवळ शेती करता, पीक संरक्षणासाठी .३१५ रायफलचा परवाना आहे, नेमबाजीची ओढ लागली आहे आणि काडतुसं परवडत नाहीत. परदेशातले लोक रिकाम्या पुंगळ्या (काडतुसाचं धातूचं कवच) घरी पुन्हा भरतात ते व्हिडिओ पाहून तुम्ही विचारताय की काडतूस दाबून भरायची प्रेस कोणती, पुंगळीला आकार देणारा डाय कोणता, पावडर मोजायचा काटा कोणता घ्यावा.

यातलं काहीही घेऊ नका. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार दारूगोळा तयार करायला वेगळा परवाना लागतो. रायफल बाळगायचा परवाना त्यासाठी चालत नाही. त्याच कायद्यात दारूगोळ्याची जी व्याख्या दिली आहे, तिच्यात दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रसामग्रीही येते. म्हणजे काडतूस भरलं नाही, नुसती प्रेस आणून ठेवली, तरी तुम्ही अडचणीत येऊ शकता. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीला किमान सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. कुणी दुकानदार किंवा ओळखीचा माणूस ‘स्वतःपुरतं चालतं हो’ म्हणाला, तरी त्याच्या भरवशावर राहू नका. शंका असेल तर ज्या कार्यालयातून परवान्याचं नूतनीकरण होतं तिथे लेखी विचारा.

पण तुमच्या प्रश्नातली ओढ मला समजते, म्हणून पुढचं लिहितोय. पुंगळी, टोपी (पावडर पेटवणारी), पावडर आणि गोळी या चार गोष्टी दर वेळी अगदी सारख्या जुळवून आपल्या बॅरलला मानवेल असं काडतूस घडवायचं, हा त्या छंदाचा गाभा. पैसे वाचतात हा त्याचा एक भाग झाला. खरी गोडी एकसारखेपणाची असते. ती गोडी आपल्याकडे कायद्यात राहूनही मिळते, फक्त काम उलट्या बाजूने करावं लागतं. काडतूस घडवायचं नाही, बॅरलला मानवणारं निवडायचं.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून नेम धरायचा प्रकार) कांस्यपदक मिळवलं. त्या प्रकारात .२२ ची रिमफायर काडतुसं वापरतात. ती पुन्हा भरण्यासारखी नसतातच, कारण पेट घेणारा मसाला पुंगळीच्या काठात असतो आणि फायरिंग पिन तो काठच चेपून टाकते. मग त्या पातळीचे नेमबाज काय करतात? एकाच कंपनीचे वेगवेगळे लॉट (एका खेपेत बनलेली काडतुसं) आपल्याच बॅरलमधून मारून बघतात, जो लॉट सर्वांत घट्ट गट देतो, म्हणजे ज्याची भोकं कागदावर सर्वांत जवळजवळ पडतात, तो घेतात.

हेच तुम्ही १० मीटर एअर रायफलवर करू शकता. ४.५ मिलिमीटर (.१७७ इंच) बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास, आणि २० जूलच्या आतली ऊर्जा असलेल्या एअर रायफलला परवाना लागत नाही, घ्यायला जाताना ओळखपत्र मात्र सोबत न्या. स्पर्धेची एअर रायफल त्या मर्यादेच्या बरीच खाली असते: ०.५३ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७० मीटरने गेला तर ऊर्जा साधारण साडेसात जूल होते.

रायफल कोणती, यावर फार वेळ घालवू नका. स्प्रिंगची स्वस्त रायफल घेतली तर झटका इतका बसतो की चूक आपली की रायफलची हेच कळत नाही. हवेच्या सिलिंडरवर चालणारी साधी क्लब मॉडेल घ्या: हॅमर्ली एआर-२० किंवा आपल्या देशातल्या प्रिसीहोलची. वापरलेली मिळाली तरी चालेल, पण सिलिंडरवरची तारीख आधी वाचा. स्पर्धेत दहा वर्षांपेक्षा जुना सिलिंडर चालत नाही आणि नवा सिलिंडर स्वस्त नसतो. त्यात खूप दाबाखालची हवा असते, तेव्हा सोलापूरच्या मे महिन्यात तो बंद गाडीत ठेवायचा नाही.

आता छर्रे, म्हणजे तुमच्या आवडीचा भाग. नेमबाजीला सपाट डोक्याचेच घ्यायचे. टोकदार छर्रे कागदाला स्वच्छ भोक पाडत नाहीत. रायफलला ०.५३ ग्रॅमच्या आसपासचे. डब्यावर डोक्याचा व्यास छापलेला असतो: ४.४९, ४.५०, ४.५१. हा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा फरक लहान दिसतो, पण बॅरलला तो कळतो. आरडब्ल्यूएस आर-१०, एच अँड एन फिनाले मॅच, जेएसबी यांचे दोन-तीन व्यासांचे डबे आणा. रायफल टेकणीवर किंवा पकडीत घट्ट बसवा, प्रत्येक डब्यातून दहा-दहा छर्रे एकाच कागदावर मारा आणि गटाची बाहेरून बाहेर रुंदी कॅलिपरने मोजा. त्यातून ४.५ वजा केले की केंद्रांमधलं अंतर मिळतं.

हिशेब असा. लक्ष्याच्या मध्यावरचा दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा. छर्‍याची कड त्याला टेकली की दहा, म्हणजे छर्‍याचं केंद्र मध्यापासून अडीच मिलिमीटरच्या आत हवं. पकडीतून मारलेला गट बाहेरून साडेनऊ मिलिमीटरचा असेल, तर रायफल आणि छर्‍यांनीच तुमची सगळी मोकळीक खाऊन टाकली. हाताच्या चुकीला जागाच उरली नाही. सहा मिलिमीटरच्या आसपास आला तर तो डबा ठेवा, त्याच लॉटचे आणखी मागवा. दशांशात गुण मोजतात तेव्हा प्रत्येक ०.१ म्हणजे फक्त पाव मिलिमीटर, आणि साठ गोळ्यांत तो फरक साठत जातो.

डबा उघडल्यावर छर्रे काचेच्या तुकड्यावर सावकाश लोळवा. शेपटाकडची पातळ कड दबलेली असेल तर तो छर्रा गोल फिरता फिरता मध्येच अडखळतो. तसे बाजूला काढा. शिसं मऊ असतं, म्हणून डबा दुचाकीच्या डिकीत सुटा टाकून होटगी रोडवरून आणू नका. फोमची चकती घालून झाकण घट्ट लावून पिशवीत धरा. आणि छर्रे हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खायचं नाही. घरात लहान मुलं असतील तर याबाबत आणखी कडक राहा.

सराव घरी करणार असाल तर बॅरलच्या तोंडापासून नव्हे, तुम्ही जिथे उभे राहाल त्या रेषेपासून लक्ष्यापर्यंत १० मीटर मोजा, लक्ष्याचं केंद्र जमिनीपासून १.४० मीटरवर ठेवा, मागे छर्रा अडवणारी लोखंडी पेटी आणि त्याच्याही मागे पक्की भिंत. गच्चीवर, जिथून शेजारच्या खिडक्या दिसतात, तिथे अजिबात नको. डोळ्याला चष्मा हवाच. पण शक्य असेल तर आधी एखाद्या प्रशिक्षकाकडे काही दिवस जाऊन उभं राहणं शिका, मग रायफल घ्या. बट, म्हणजे रायफलचा खांद्याला टेकणारा मागचा भाग, किती लांब हवा हे तुमच्या खांद्याला त्यानंतरच कळेल.

.३१५ ची काडतुसं मात्र परवान्यावर लिहिलेल्या संख्येत, अधिकृत विक्रेत्याकडून, पावतीसकटच घेत राहा, आणि रायफल ज्या कामासाठी मिळाली आहे त्या कामालाच ठेवा.