हॅलोपेरिडॉल सुरू केल्यावर डोपामाइनच्या पेशींचं काय होतं

भाऊ, वॉर्डात नवीन आहेस म्हणून सांगतो. हॅलोपेरिडॉलसारखी भास-संशयावरची औषधं डोपामाइन (मेंदूतलं निरोप नेणारं रसायन) आटवत नाहीत, ते जिथे चिकटतं तो डी२ रिसेप्टर अडवून बसतात. डोपामाइनच्या पेशीवरही डी२ असतो, तोच तिचा ब्रेक. तो अडला की सुरुवातीला पेशी उलट जास्तच चेतते. उंदरांना तीनेक आठवडे रोज हॅलोपेरिडॉल दिलं, तेव्हा यातल्या बऱ्याच पेशी अति चेतून गप्प पडल्या. क्लोझापिन या दुसऱ्या औषधाने मात्र हालचाल सांभाळणाऱ्या सबस्टॅन्शिया नायग्रा या मेंदूच्या भागातल्या पेशींना जवळपास धक्का लागला नाही; त्यावर थरथर कमी, त्याचं हेही एक कारण मानतात.

माणसात साधारण ६५ टक्के डी२ अडले की भास, संशय ओसरू लागतात. ८० च्या आसपास गेलं की हात थरथरतात, चेहरा कोरा पडतो. मधली जागा अरुंद आहे, त्यामुळे चार दिवसांत फरक नाही म्हणून डोस वाढवायची घाई नको.

पेशंट येरझाऱ्या घालतोय? आजार वाढला असं लगेच लिहू नकोस. ‘पाय स्थिर राहत नाहीत का?’ विचार. हो म्हणाला तर बहुतेक अकाथिसिया, म्हणजे औषधानेच आलेली चुळबूळ, त्यात डोस वाढवला की हाल दुप्पट. बायांना पाळीचं विचार, या औषधांनी प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन) वाढतं.

आणि आपल्या जळगाव-भुसावळचा मे! ट्रायहेक्सीफेनिडिल (थरथरीवरची गोळी) सोबत असेल तर घामही आटतो. ताप, अंग लाकडासारखं ताठ, बरळणं एकत्र दिसलं, तर ‘ऊन लागलं’ म्हणून कांदा लावत बसू नका, हा औषधाचाच धोकादायक परिणाम असू शकतो. पुढचा डोस थांबवून डॉक्टरांना तत्काळ बोलवा, सीपीके (स्नायूंची इजा दाखवणारी रक्तचाचणी) पाठवा.