माणूस अंतराळात जास्तीत जास्त किती काळ राहू शकतो?

आपण विचारले आहे की माणूस अंतराळात जास्तीत जास्त किती काळ जिवंत राहू शकतो, आणि जन्मभर तिथे राहणे शक्य आहे का. अंतराळपोशाखाविना असे अभिप्रेत असेल तर उत्तर थोडक्यात आटोपते: दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध हरपते आणि पुढच्या काही मिनिटांत मृत्यू येतो. १९७१ मध्ये सोयूझ ११ यानातील तिन्ही अंतराळवीर परतीच्या वाटेवर यानातली हवा निघून गेल्यामुळेच दगावले. आपला रोख मात्र अंतराळस्थानकात राहण्याकडे असावा असे धरून पुढे लिहितो.

सलग मुक्कामाचा विक्रम रशियाचे व्हॅलेरी पॉल्याकोव्ह यांच्या नावावर आहे. जानेवारी १९९४ ते मार्च १९९५ असे ४३७ दिवस ते मीर या तेव्हाच्या रशियन अंतराळस्थानकात राहिले. ते स्वतः डॉक्टर होते, आणि मंगळापर्यंतचा प्रवास करून उतरलेला माणूस कामाचा उरतो का, हे त्यांना पाहायचे होते. परतल्यावर यानापासून जवळच्या खुर्चीपर्यंत ते चालत गेले. वेगवेगळ्या मोहिमांची बेरीज केली तर ओलेग कोनोनेन्को यांचे १,१११ दिवस भरतात, आणि आपल्याकडे कौतुकाने नाव घेतले जाते त्या सुनीता विल्यम्स यांचे ६०८.

मी मुंबईत फिजिओथेरपिस्ट आहे. खुब्याचे हाड मोडून महिना-दीड महिना अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना पुन्हा उभे करणे हे माझे नेहमीचे काम असल्यामुळे, अंतराळवीरांविषयीची वर्णने वाचताना मला ती अनोळखी वाटत नाहीत. रुग्णाच्या मांड्या आणि पोटऱ्या पाहता पाहता ओसरतात, आणि पहिल्यांदा उभे केल्यावर रक्तदाब उतरून डोळ्यांसमोर अंधारी येते. पृथ्वीवर परतलेल्या अंतराळवीरांचीही हीच अवस्था होते. वजन पेलण्याचे काम संपले की शरीर हाडे राखण्याचे काम सोडून देते. अंतराळात कंबर आणि खुब्याच्या हाडांची घनता दर महिन्याला साधारण एक ते दीड टक्क्याने घटते, आणि सुटलेले कॅल्शियम लघवीवाटे जात असल्याने मुतखड्याचा धोका वाढतो. म्हणून आजच्या आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकात रोज सुमारे दोन तास व्यायाम करावा लागतो, तोही ट्रेडमिलवर पट्ट्यांनी स्वतःला खाली खेचून धरून. त्याने झीज बरीच आवरते, पण थांबत नाही. सहा महिन्यांहून अधिक राहिलेल्या अनेकांच्या नडगीचे हाड परतल्यानंतर वर्षभरानेही पूर्ववत झालेले नव्हते.

डोळ्यांचा प्रश्न अधिक अवघड आहे. पायांकडचे द्रव डोक्याकडे सरकतात, चेहरा सुजल्यासारखा दिसतो, नेत्रगोलाचा मागचा भाग चपटा होतो आणि काहींना जवळचे वाचण्यासाठी चष्मा लागतो. त्यावर उपयोगी पडेल असा व्यायाम नाही. याच द्रवांच्या सरकण्यामुळे मानेतील शिरांमधला रक्तप्रवाह मंदावतो. एका अंतराळवीराच्या मानेच्या शिरेत मोहिमेच्या दुसऱ्या महिन्याच्या सुमारास रक्ताची गुठळी आढळली; पृथ्वीवरील डॉक्टरांच्या सल्ल्याने स्थानकातील तुटपुंज्या साठ्यातली इंजेक्शने पुरवून वापरण्यात आली, आणि पुढचे औषध मालवाहू यानाने पाठवावे लागले.

औषध पाठवता आले, कारण स्थानक जवळ आहे. ते सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून फिरते, म्हणजे मुंबईपासून पणजी सरळ रेषेत जितकी दूर आहे, जवळजवळ तितकेच. इतक्या जवळ असल्यामुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचे बरेचसे संरक्षणही त्याला मिळते. तरीही तिथे दिवसाला साधारण अर्धा ते एक मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणारा किरणोत्सार मोजण्याचे एकक) किरणोत्सार अंगावर येतो. जमिनीवर निसर्गतः सरासरी अडीच मिलिसिव्हर्टच्या आसपास मिळतो, पण तो वर्षभरात. नासाने एका अंतराळवीरासाठी संपूर्ण कारकिर्दीची मर्यादा ६०० मिलिसिव्हर्ट ठरवली आहे. त्या हिशेबाने स्थानकातला मुक्काम दोन-तीन वर्षांत संपायला हवा, त्यामुळे जन्मभराची गोष्ट आजच्या साधनांनी संभवत नाही.

पृथ्वीपासून दूर गेल्यावर ही मुदत आणखी कमी होते. नासाची क्युरिऑसिटी ही मंगळावर फिरणारी यंत्रबग्गी तिकडे जात असताना तिच्यावरील उपकरणाने रोज सुमारे १.८ मिलिसिव्हर्ट मोजले होते. जाण्या-येण्याचे मिळून ३६० दिवस धरले तरी बेरीज ६५० च्या घरात जाते, आणि त्यात मंगळावर काढलेला एकही दिवस मोजलेला नाही.