एसयू कार्ब, नवे फिल्टर आणि गायब झालेला पिकअप: आधी गास्केट बघा

तुमच्या पोस्टमधली लक्षणं वाचताना माझ्याच गाडीची जुनी तक्रार कुणीतरी उतरवून काढल्यासारखं वाटलं. तुमची १९६९ ची गाडी, दोन एसयू एचएस४ कार्ब (एसयू ह्या ब्रिटिश बनावटीचे कार्ब्युरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारे भाग), मूळचे हवेच्या फिल्टरचे डबे काढून शंकूच्या आकाराचे उघडे कोन फिल्टर बसवलेत, पुढच्या जाळीपासून गार हवेचा पाइप आणायचं चाललंय. पण फिल्टर लावल्यापासून अर्ध्या अ‍ॅक्सिलरेटरच्या पुढे गाडी ओढतच नाही आणि गॅरेजवाले म्हणतात, कार्ब संपले, नवे घ्या. घेऊ नका. निदान पुढचं वाचून होईपर्यंत तरी थांबा.

टायमिंग, प्लग, टॅपेट वगैरे तुम्ही पाहिलं असेलच, त्यात शिरत नाही. मी मेकॅनिक नाही, माझी एमजीबी (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) सांभाळता सांभाळता जे कळलं तेवढंच सांगतो. दुसऱ्या जातीचे कार्ब असतील तर पुढचा मोठा भाग तुम्हाला लागू नाही.

फिल्टर काढा आणि कार्बच्या तोंडाकडे, म्हणजे जिथे फिल्टरची पाटी बसते त्या फ्लँजकडे नीट बघा. बोल्टची दोन भोकं दिसतील. त्याखेरीज बारीक भोकं दिसतील, ती शोभेची नाहीत. एसयूचा पिस्टन वर उठतो तो दोन बाजूंच्या दाबांतल्या फरकावर: वरच्या घुमटात इंजिनाची ओढ आणि पिस्टनच्या चकतीखाली साध्या हवेचा दाब. चकतीखाली हवा जाते ती ह्याच बारीक भोकांतून. ती बुजली की पिस्टन धड उठत नाही, इंजिनाला हवा कमी पडते आणि मिश्रण रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. पिस्टन उशिरा उठला की रिच होतं हे एसयूच्या डँपरमधलं, म्हणजे पिस्टनची हालचाल संथ करणाऱ्या भागातलं, तेल मुद्दामच करतं, पण अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर क्षणभर. इथे ते कायमचं होतं.

आता नव्या फिल्टरची पाटी आणि तिचं गास्केट, म्हणजे सांध्यात बसणारा पातळ थर, बघा. त्यांत ह्या बारीक भोकांसमोर भोकं आहेत का? असली तर पाटी उलटी बसलेली नाही ना? बोल्टची भोकं दोन्ही बाजूंनी जुळतात, त्यामुळे पाटी उलटी बसली तरी बसताना कुरकुर करत नाही. सगळी गोम तिथेच आहे.

माझ्या बाबतीत हे काम ज्या गॅरेजमध्ये झालं त्याचं नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही, असली गॅरेजं सगळीकडे आहेत. फिल्टर त्यांनीच बसवले, गास्केट स्वतः कापून. मी तक्रार घेऊन गेलो की ते फिल्टर काढायचे, पिस्टन बोटाने उचलून सोडायचे, तो टक्‌कन खाली बसायचा, म्हणजे पिस्टन मोकळा. मग उघड्या कार्बवर गाडी चालवून बघायचे, छान ओढायची. फिल्टर लावला की पुन्हा मेली. ह्यावरून निष्कर्ष काय, तर फिल्टर लहान पडतोय! मोठा फिल्टर आला, गास्केट तेच. मग नीडल, म्हणजे पेट्रोलचं प्रमाण ठरवणाऱ्या सुया, बदलल्या. मग कार्ब पूर्ण खोलून दुरुस्त केले, शाफ्ट, बुश, जेट, सगळं नवं. बिलं वाढत गेली, प्लग काळेच, म्हणजे मिश्रण रिचच. फिल्टर काढून केलेल्या तपासणीत ती भोकं आपोआप उघडी पडतात, मग दोष दिसणार कसा? हे त्यांच्या लक्षात आलं नाही ते एकवेळ समजू शकतो. पण जुन्या डब्यावरचं मूळ गास्केट मी नव्याशेजारी ठेवून जास्तीची भोकं दाखवली, तेव्हा 'गास्केट गास्केटच असतं' असं उत्तर मिळालं, त्याला माझ्याकडे आजही माफी नाही. ती भोकं पाडायला पंच आणि हातोडी पुरली. कार्बचं बिल अर्थातच परत मिळालं नाही.

न्यूट्रलमध्ये रेस करून 'बघा, उचलते' असं कुणी दाखवलं तर त्यावरही विसंबू नका. लोड नसताना इंजिन हवा फारशी ओढतच नाही, पिस्टनला उठायचं कामच पडत नाही. चढावर, वरच्या गिअरमध्ये, पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर बघा, आणि फिल्टर लावून बघा.

हे निस्तरलं की मग पाइपाकडे वळा. इथे माझी मतं जरा टोकाची आहेत, पटली नाहीत तर सोडून द्या.

गार हवेचा फायदा खरा आहे, पण तो तापमानाचा, वेगाने आत घुसणाऱ्या हवेचा नाही. २५ अंश सेल्सिअसची हवा ६० अंशांच्या हवेपेक्षा साधारण ११-१२ टक्के घट्ट असते. पूर्ण थ्रॉटलवर त्यातून हाताला लागते ती पाचेक टक्के ताकद, कारण ताकद त्याच प्रमाणात वाढत नाही. अर्ध्या थ्रॉटलवर काहीच नाही, तुम्ही फक्त पाय थोडा कमी दाबाल. उलट 'रॅम'चं गणित मांडून बघा: ताशी १०० किलोमीटरला समोरून येणाऱ्या हवेचा जास्तीत जास्त दाब अर्धा किलोपास्कलही भरत नाही, आणि वातावरणाचा दाब १०१ किलोपास्कल. म्हणजे अर्ध्या टक्क्याच्या आत. त्यासाठी बॉनेटला भोक पाडू नका. जुन्या गाडीचं बॉनेट कापणाऱ्यांबद्दल माझं मत इथे छापण्याजोगं नाही.

कारखान्यांनी हे केव्हाच करून ठेवलंय. अमेरिकेच्या ओल्ड्समोबिलने १९६६ मध्ये ४४२ ह्या मॉडेलच्या डब्ल्यू-३० पॅकेजात पुढच्या बंपरापासून जाड नळ्या कार्बपर्यंत आणल्या, आणि नळ्यांना जागा हवी म्हणून बॅटरी डिकीत हलवली. १९६९ च्या शेव्हरोले कॅमारोला मिळणाऱ्या काउल इंडक्शन बॉनेटचं तोंड तर मागे, काचेकडे आहे. चालत्या गाडीत काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब वाढतो, तिथली हवा ते घेतं. तेव्हा तोंड पुढेच हवं असं काही नाही. ते रेडिएटरच्या मागे नको, एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळ नको आणि खाली बंपराखाली तर मुळीच नको. साचलेल्या पाण्यातून जाताना इंजिनाने पाणी ओढलं तर कनेक्टिंग रॉड वाकतात. पाणी दाबलं जात नाही, दुसरं काहीतरी वाकावंच लागतं.

तुम्ही आत्ता लावलेले उघडे कोन फिल्टर बॉनेटखाली तापलेलीच हवा ओढतात, त्यांना गार हवेचं इनटेक म्हणणं ही थट्टा आहे. आवाज छान येतो, ते कबूल. लांब वायरचं साधं प्रोब थर्मामीटर घ्या, टोक फिल्टरजवळ बांधा, आकडा आत डॅशबोर्डपाशी. बाहेरच्या तापमानाशी फरक बघा, गाडी उभी असताना आणि धावताना. धावताना फरक पाच-सात अंशांचाच निघाला तर पाइपाचा खटाटोप कशाला? तेवढ्या वेळात कार्ब आणि इनटेक मॅनिफोल्ड यांच्यामधला उष्णतारोधक स्पेसर आणि एक्झॉस्टवरची पत्र्याची ढाल नीट बसवा, त्याने गरम गाडी पुन्हा चालू करतानाचा त्रासही कमी होईल.

फरक मोठा निघाला तर पाइप जरूर आणा, पण बारीक नको. १८०० सीसीचं इंजिन ५००० आरपीएमला सेकंदाला साधारण ६० लिटर हवा ओढतं. ६३ मिलिमीटरच्या पाइपातून ती सेकंदाला १९-२० मीटर वेगाने जाते, हे चालतं. एचएस४ मध्ये फ्लोट चेंबर बाहेरच्या हवेला उघडा असतो, त्यामुळे पाइप बारीक किंवा फिल्टर तुंबलेला असेल तर कार्बच्या तोंडाशी दाब घटतो, पेट्रोल जास्त ओढलं जातं आणि गाडी रिच होते. पाइप आणि फिल्टर मोकळे, हवा गार, तर उलट थोडी लीन, म्हणजे पेट्रोल कमी. घट्ट हवेत ऑक्सिजन वाढतो, पण कार्ब त्या प्रमाणात पेट्रोल वाढवत नाही. म्हणून सगळं बसल्यावर, फिल्टर जागेवर ठेवूनच, मिश्रण पुन्हा लावून घ्या. गरज पडली तर नीडलही बदला. आधी नीडल आणि मग पाइप, असा उलटा क्रम कुणी सांगितला तर त्या माणसाकडून गाडी परत आणा.

थंड आणि दमट हवेत मात्र जपून. पेट्रोलची वाफ होताना कार्ब खूप गार पडतो आणि आत बर्फ धरतो. वैमानिकांना शिकवतात की २१ अंशांच्या खाली आणि ८० टक्क्यांच्या वर आर्द्रता असेल तर हा धोका सर्वांत जास्त. मूळच्या डब्याला थंडीसाठी तोंड वळवायची सोय किंवा एक्झॉस्टवरून गरम हवा घेणारी नळी असेल तर ती उगाच दिलेली नाही. ती काढली असेल तर थंडीच्या दिवसांत परत लावता येईल अशी ठेवा.

अजून थोडं. इंजिन बॅकफायर झालं, म्हणजे ज्योत कार्बमधून उलटी बाहेर आली, तर फिल्टर ती अडवतो, म्हणून 'ट्रायल'साठीही उघड्या कार्बवर फार फिरू नका आणि स्वस्त फोमचे फिल्टर टाळा. तेलाचा सुती फिल्टर असेल तर तेल हात राखून लावा. इंजिनाचा ब्रीदर (आतली वाफ बाहेर काढणारी नळी) पूर्वी डब्याला जोडलेला असेल तर त्याचं टोक नुसतं लोंबकळत ठेवू नका. फिल्टरच्या आतल्या बाजूचे बोल्ट लॉकिंग पत्रीने पक्के करा, सैल झालेला नट थेट सिलिंडरात जातो. ॲल्युमिनियमचा पाइप तापतो म्हणून प्लास्टिकच घ्यावा का, हे तुम्ही विचारलंय: पूर्ण थ्रॉटलवर हवा मीटरभर पाइपात सेकंदाचा विसावा भागच असते, तेवढ्यात ती काही फारशी तापत नाही, जो मिळेल तो घ्या. काढलेले मूळ डबे आणि त्यांची गास्केटं मात्र टाकू नका. भोकं जुळवायला नमुना म्हणून तीच लागतील. आज फ्लँजचा आणि पाटीच्या दोन्ही बाजूंचा फोटो टाकलात तर बघून सांगतो.