इसार दिला, मालक वारले, घड्याळ कोणाचं?

तुमचं पत्र दोनदा वाचलं. सांगलीत विश्रामबागेत राहणाऱ्या, मर्चंट नेव्हीतून निवृत्त झालेल्या काकांनी नोकरीत असताना सिंगापूरला घेतलेलं सिको ६१०५ हे डायव्हर घड्याळ तुम्ही ९०,००० रुपयांना ठरवलंत, २०,००० इसार दिलात. त्यांनी व्हॉट्सॲपवर लिहिलं, ‘आता हे तुमचं. रविवारी साताऱ्याहून या आणि घेऊन जा.’ शुक्रवारी ते गेले. आता मुलगा म्हणतो, व्यवहार वडिलांबरोबर संपला. इसारही त्याने परत पाठवला.

माझ्या मते घड्याळ तुमचंच आहे. मालविक्री कायदा १९३०, कलम २० सांगतं की ठरलेली वस्तू द्यायला तयार असेल आणि करार बिनशर्त असेल, तर करार होताच मालकी बदलते. पैसे आणि ताबा पुढच्या तारखेला असले तरी. वस्तू कुठली, हा वादच नाही. तुमच्या फोटोत मागच्या झाकणावरचा नंबर २ ने सुरू होतो, आणि सिकोच्या त्या काळच्या नंबरातला पहिला आकडा म्हणजे सालाचा शेवटचा आकडा. हे मॉडेल १९६८ ते १९७७ एवढ्याच काळात निघालं, म्हणजे घड्याळ १९७२ चं.

‘द्यायला तयार’ या शब्दांवर मात्र अडलं असतं. सर्व्हिसिंग करून देतो, असं काकांनी कबूल केलं असतं, तर कलम २१ प्रमाणे ते काम होऊन तुम्हाला कळेपर्यंत मालकी त्यांचीच राहिली असती. तुम्ही लिहिलं होतंत, ‘काच बदलू नका, पॉलिश करू नका, आहे तसंच हवं.’ जुन्या घड्याळाच्या प्रेमापोटी लिहिलेली ही ओळ तुमचा सर्वांत मोठा आधार आहे. तो फोन विकू नका, चॅट पुसू नका. कोर्टात ते चॅट पुरावा म्हणून दाखवायला भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागेल.

बाजारात जास्त किंमत आली असती, एवढ्यावरून करार रद्द होत नाही. पण पूर्ण किंमत मिळेपर्यंत घड्याळ अडवून ठेवायचा हक्क वारसांना आहे. म्हणून परत आलेल्या इसारावर गप्प बसू नका. ‘हा करार रद्द झाला असं मी मानत नाही, पूर्ण रक्कम द्यायला तयार आहे,’ असं आजच लेखी कळवा. पैसे एकट्या मुलाच्या खात्यात टाकू नका. पत्नी, मुलगा, मुलगी तिघंही वारस आहेत.

नोटीस मात्र लगेच नको. दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे; तेरावा होऊ द्या. मग काकूंना भेटा आणि नवऱ्याचा शेवटचा मेसेज त्यांना स्वतः वाचू द्या. ऐकलं नाही, तर सांगलीच्या दिवाणी न्यायालयात घड्याळच परत मागता येईल, नुसती भरपाई नव्हे.

एक गोष्ट संग्राहक हमखास विसरतात. कस्टम्स कायदा १९६२ च्या कलम १२३ मध्ये सोन्याबरोबर घड्याळांचंही नाव आहे. तस्करीच्या वाजवी संशयावरून घड्याळ जप्त झालं, तर ते तस्करीचं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी ज्याच्याकडे सापडलं त्याच्यावर येते. काकूंकडे मूळ बिल, गॅरंटी कार्ड, काकांच्या सीडीसीमधल्या (खलाशाच्या नोकरीची नोंद असलेल्या पुस्तिकेतल्या) त्या सफरीच्या पानांची झेरॉक्स, मनगटावर घड्याळ असलेला जुना फोटो, जे सापडेल ते मागा. पावतीवर झाकणावरचा नंबर, घड्याळ कुठे आणि केव्हा घेतलं ते, आणि तिघांच्या सह्या घ्या.