ताटातले काढण्याआधी

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. हडसन उपसागराच्या त्या किनाऱ्यावर रुजू होऊन तुला वर्षही झालेले नाही आणि तिथल्या इनुइट, म्हणजे आर्क्टिकमधल्या मूळ रहिवासी, गरोदर बायकांच्या रक्ततपासणीचे निकाल तुझ्या टेबलावर येऊन पडले आहेत. कॅनडात गरोदर स्त्रियांसाठी पाऱ्याची मर्यादा रक्ताच्या लिटरमागे 8 मायक्रोग्रॅम मानतात आणि तुझ्या यादीतल्या काही बायका तिच्या पुढे आहेत. ‘बेलुगा (पांढरा देवमासा) खाऊ नका’ असे पत्रक लगेच काढावे, की लोक घाबरतील म्हणून निकाल सध्या दाबून ठेवावेत, असे तू मला विचारले आहेस. दोन्ही करू नकोस. त्या बाईने आज बेलुगा सोडला तर संध्याकाळी ती काय खाणार, हे आधी मला सांग. कोणाच्या ताटातले काढायचे असेल तर त्या ताटात काय वाढायचे याची सोय आधी करावी लागते, आणि हे मी तुला या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

पाऱ्याचा धोका खोटा आहे असे मी म्हणत नाही. नुनाविकमधल्या, म्हणजे क्वेबेक प्रांताच्या उत्तर भागातल्या, मुलांचा जन्मापासून शाळेच्या वयापर्यंत अभ्यास झाला आहे, आणि गर्भात असताना जास्त पारा पोचलेल्या मुलांच्या बुद्धीवर आणि लक्ष देण्याच्या क्षमतेवर परिणाम दिसला आहे. पण ‘बेलुगा’ हे एकच अन्न नव्हे, हे तू अजून नीट पाहिलेले दिसत नाही. पारा पोटात जातो तो मुख्यतः मांसातून, आणि त्या मांसाचे वाळवलेले पट्टे, म्हणजे निक्कू, यात पाणी उडून गेल्यामुळे तोच पारा दाट होतो. मत्ताक, म्हणजे चरबीसह कातडी, यात पारा त्या मानाने खूपच कमी आणि सेलेनियम भरपूर. जिथे भाजीपाला उगवत नाही तिथे ‘क’ जीवनसत्त्वही कातडीतूनच मिळत आले आहे. म्हणूनच 2011 मध्ये तिथल्या आरोग्य मंडळाने गरोदर आणि मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांना बेलुगाचे मांस कमी करायला सांगितले, मत्ताक सोडायला सांगितले नाही. शिवाय ‘आर्क्टिक चार’ (char) नावाचा मासा, ज्याला तिथे इकालुप्पिक म्हणतात, गरोदर बायकांना फुकट वाटण्याचा उपक्रमही त्या किनाऱ्यावर झाला. त्यात पारा थोडा आणि मेंदूच्या वाढीला लागणारे ओमेगा-3 भरपूर असते. मुली, सल्ला असा असतो. एक पदार्थ काढला तर दुसरा वाढला, आणि तोही त्यांच्याच समुद्रातला. दुकानात विमानाने येणारे गोठवलेले नगेट्स आणि साखरेचे पाणी हा पर्याय नव्हे, आणि ज्या बायकांच्या अंगात लोह आधीच कमी आहे त्यांच्यासाठी तर मुळीच नव्हे.

1980 च्या दशकाच्या शेवटी एरिक देवाई हे क्वेबेकमधले वैद्यकीय संशोधक आईच्या दुधातील पीसीबी, म्हणजे कारखान्यांतली विषारी रसायने, मोजत होते. कारखान्यांपासून दूरचे, म्हणजे स्वच्छ नमुने हवेत म्हणून त्यांनी नुनाविकमधून दूध मागवले, आणि दक्षिणेतल्या बायकांच्या दुधात होते त्याच्या सुमारे पाचपट पीसीबी तिथे निघाले. बातमी फुटली आणि पाजावे की नाही या धास्तीत आया पडल्या. दूध पाजतच राहा, त्याचे फायदे धोक्यापेक्षा मोठे आहेत, हा सल्ला पुढे ठामपणे दिला गेला. पण भीती नेहमीच सल्ल्याच्या आधी पोचते. तुझ्या हातातला कागद असाच सुटला, तर त्याच्यामागे धावायला तुला दुसरी संधी मिळणार नाही.

आता वॉलरसचे पाहा, कारण मला जे सांगायचे आहे ते त्यात सगळे आले. वॉलरसच्या मांसातून ट्रायकिनेला नावाचा कृमी माणसात येतो. या कृमीची उत्तरेकडची जात गोठवल्याने मरत नाही, आणि तिथे हे मांस कच्चे किंवा इगुनाक करून, म्हणजे आंबवून, खातात. 1980 च्या दशकात नुनाविकमध्ये या रोगाच्या साथी आल्या. वॉलरस खाऊ नका, असे सांगणे सोपे होते. तसे न करता शिकाऱ्यांशी बोलून एक पद्धत बसवली गेली. प्रत्येक प्राण्याच्या जिभेचा तुकडा पिशवीत घालून विमानाने कुजुआकच्या संशोधन केंद्रात जातो, तिथे तो पाचक द्रवात विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली अळ्या शोधतात, आणि निकाल गावात येईपर्यंत मांस वाटले जात नाही. अळी सापडली तर ते मांस नष्ट करतात. नाही सापडली तर गाव पोटभर खाते. शिकारीतून निवांतपणे आलेला माणूस त्या निकालाच्या फोनची वाट कशी पाहतो ते मी पाहिले आहे. त्याच्यावर कोणी बंदी घातलेली नसते. तपासणी त्याची स्वतःची असते.

हे माहीत असूनही मला एकदा ‘समुद्री प्राण्यांचे मांस टाळा’ एवढ्या एका ओळीच्या पत्रकावर सही करायला सांगण्यात आले. मी नकार दिला. मला भावनाप्रधान म्हटले गेले, शास्त्रापेक्षा लोकानुनय मोठा मानते असे माझ्या गोपनीय अहवालात लिहिले गेले, आणि ज्या पदासाठी मी पात्र होते ते दुसऱ्याला मिळाले. मला आजही वाटते की माझा नकार हेच शास्त्र होते, कारण माणसाच्या शरीरात पारा किती जातो एवढेच मोजून लोह, जीवनसत्त्वे आणि भूक न मोजणारा हिशेब अपुरा असतो. खंत आहे ती वेगळीच. मला इनुक्तितुत, म्हणजे तिथली इनुइट भाषा, कामापुरती आली, गप्पांपुरती कधी आली नाही. त्यामुळे म्हाताऱ्या बायका आपसांत काय बोलत होत्या ते माझ्यापर्यंत दुभाष्याच्या तोंडून, अर्धेच पोचले. तू भाषा आत्तापासून शिक. वेळ नाही, हे कारण मला सांगू नकोस.

काढून घेतले आणि त्या जागी काही ठेवले नाही, की काय होते ते रशियाच्या उत्तरेकडील यामालमध्ये दिसले. रेनडिअरना अँथ्रॅक्सची लस देणे 2007 मध्ये बंद झाले, कारण कित्येक दशके रोग दिसला नव्हता. 2016 च्या कडक उन्हाळ्यात गोठलेली जमीन वितळली, तिच्यातले अँथ्रॅक्सचे जंतू वर आले, दोन हजारांहून अधिक रेनडिअर मेले आणि बारा वर्षांचा एक मुलगा गेला. उलट 2021 मध्ये कॅनडाच्या उत्तरेतल्या इकालुइत शहराच्या नळाच्या पाण्यात इंधन मिसळले तेव्हा ‘पिऊ नका’ म्हणताना बाटल्यांचे पाणी विमानाने आणले गेले. तिथेही पाण्याला वास येतो हे रहिवासी आधीपासून सांगत होते, हे विसरू नकोस.

आणि कृपा करून त्या बायकांना ‘जीवनशैली’ बदलायला सांगू नकोस. हा पारा आणि ही रसायने त्यांनी तयार केलेली नाहीत. उष्ण प्रदेशातून हवेत उडालेली द्रव्ये थंडीत खाली बसतात आणि प्लवकापासून माशात, माशातून सील आणि बेलुगात साठत जातात. आपल्या रायगडमधल्या रसायनीत डीडीटी बनत होते. एंडोसल्फान 2011 पर्यंत आपल्या शेतांवर फवारले जात होते. अशा रसायनांवरील कराराच्या नैरोबीतील वाटाघाटींत इनुइट नेत्या शीला वॉट-क्लाउटियर यांनी आई आणि बाळाची इनुइट मूर्ती पुढे ठेवली, तेव्हा त्या आपल्याशीही बोलत होत्या. 2001 च्या स्टॉकहोम कराराच्या प्रस्तावनेत आर्क्टिकमधल्या लोकांचे पारंपरिक अन्न दूषित होणे हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे असे लिहिले गेले. त्यानंतर नुनाविकच्या गरोदर बायकांच्या रक्तातील पीसीबी खूप उतरले. हे यश त्यांना सांग. काही फ्लोरिनयुक्त रसायने मात्र अजून त्रास देत आहेत, तेही लपवू नकोस.

आता कामाचे. निकाल ज्या बाईचे आहेत त्या बाईला, एकटीला, आधी कळले पाहिजेत. गावसभेला नंतर आणि परिषदेला सर्वांत शेवटी. शक्य असेल तर ते सुईणीने सांगावेत. 1986 पासून पुविर्नितुकमध्ये इनुइट सुईणी बाळंतपणे करत आहेत आणि तुझ्यापेक्षा त्यांच्यावर लोकांचा विश्वास जास्त आहे. त्याआधी गावच्या सामुदायिक फ्रीझरची व्यवस्था पाहणाऱ्या माणसाला भेट आणि इकालुप्पिक किती आहे, कोणत्या महिन्यात संपतो, शिकाऱ्यांकडून गरोदर बायकांसाठी वेगळा कसा ठेवता येईल, हे विचारून लिहून घे. तो मासा फ्रीझरमध्ये आला की मग पत्रकात निक्कूचे नाव घाल, आणि त्याच ओळीत माशाचे नावही घाल. मसुदा छापायला देण्याआधी मला पाठव.